करीमभाई फिल्टरवाल्याचं खरं बोलणं

दिघीत करीमभाई मणेर कुणाच्या घरी गेला की माणसं आधी दोन काचेचे ग्लास पुढे करायची आणि मग खुर्ची. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यानं सोबत आणलेलं फिल्टरचं. मग तो पिशवीतून एक काळी डबी काढायचा. डबीला खाली धातूच्या चार कांड्या, वर वायर. कांड्या ग्लासांत बुडवायच्या, वायर बोर्डात खुपसायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी पिवळट, मग हिरवट, मग थेट गटारासारखं व्हायचं आणि वर फेस यायचा. फिल्टरचं पाणी मात्र नव्या जावयासारखं नितळ बसून राहायचं.

"अगं बाई, हे पितोय आपण?" घरातली बाई तोंडाला ओढणी लावायची.

करीमभाई तेव्हाही बोलायचा नाही. फक्त एक सुस्कारा सोडायचा. त्या सुस्काऱ्यावर त्यानं बारा वर्षांत निम्म्या दिघीला फिल्टर विकले होते.

आता यातली गंमत अशी की दिघीत त्या डबीचं बिंग कुणाला पक्कं ठाऊक असेल, तर ते करीमभाईलाच. तो मूळचा महाळुंग्याचा. आजोबा जत्रांतून बांगड्या विकायचे, वडिलांची थोडी जमीन होती. जमिनीच्या चारी बाजूंनी कारखाने उभे राहिले तेव्हा करीम त्यातल्याच एका प्लेटिंगच्या खात्यात कंत्राटावर लागला. अकरा वर्षं त्यानं हेच केलं: धातू पाण्यात बुडवायचा आणि वीज सोडायची. लोखंडाची कांडी अशा पाण्यात विरघळते आणि रंग दिसतो तो कांडीच्या गंजाचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. फिल्टरच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. म्हणजे पाणी जितकं बेचव, तितका त्याचा पहिला नंबर. पण कंत्राट संपलं, घरी चार तोंडं होती, आणि फिल्टरच्या डीलरनं पहिल्याच दिवशी हातात डबी ठेवून सांगितलं होतं, "भावा, आपण पाणी विकत नाही. भीती विकतो."

करीमभाईनं भीती विकली. पुढे स्वतःचा गाळा घेतला, "मणेर वॉटर केअर" अशी पाटी लावली आणि पाच वेळची नमाज होते तेवढ्या नेमानं डबी दाखवत राहिला.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे निर्झर एन्क्लेव्ह. चार इमारती, एकशे साठ फ्लॅट, गेटवर सिमेंटचा धबधबा. धबधब्याला पाणी कधीच नव्हतं, पण त्यासमोर फोटो काढायला मनाई नव्हती. तिथले अध्यक्ष सुरेंद्र अष्टपुत्रे. चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्याचे मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. खरेदी खात्यात आयुष्य गेल्यानं जगातली प्रत्येक वस्तू आकड्यावरून ओळखता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. पाण्याचा आकडा म्हणजे टीडीएस, पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप. त्यांच्याकडे पेनासारखं एक मीटर होतं. रोज सकाळी ते आपल्या फिल्टरच्या पाण्यात बुडवून आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे: "आज अठरा!" खाली चाळीस जण हात जोडायचे. मग ज्याच्या घरी पंचवीस यायचा तो करीमभाईला फोन करायचा. मूल नापास झाल्यासारखा आवाज.

सी विंगमधल्या अरुंधती बारटक्के शाळेत विज्ञान शिकवायच्या. करीमभाईनं त्यांच्याकडे डबी लावली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "करीमभाई, कांड्या लोखंडाच्या आहेत ना?"

करीमभाईनं वायर बोर्डातून काढली. "व्हय म्याडम. का?"

"काही नाही. बसवा फिल्टर."

"आं?"

"सगळ्यांकडे आहे. आमच्याकडे नसला तर सासूबाई पाणी प्यायला शेजारी जातील."

तेव्हापासून करीमभाई त्या बाईंना वचकून असायचा आणि मानायचाही.

गेल्या वर्षी अष्टपुत्र्यांनी एक नोटीस लावली. "घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर व सुरक्षारक्षक यांनी पिण्याचे पाणी घरून आणावे. संसर्ग टाळावा." अरुंधतीबाईंकडे काम करणारी शालनबाई कंपाउंडला लागून असलेल्या बैठ्या चाळीत राहायची. तिनं नोटीस वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या सरबताच्या बाटलीत चाळीच्या नळाचं पाणी भरून आणू लागली. बाईंनी स्वतःच्या घरात तिला ग्लास पुढे केला, तर ती म्हणाली, "नको ताई. उगं कोनी बगितलं तर माजं काम जायचं."

एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण झाली. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड, आणि कमी दाबानं. मेच्या अखेरीपासून निर्झरमधली माणसं पडायला लागली. आधी उलट्या-जुलाब, मग काविळी. डी विंगमध्ये चार, बी विंगमध्ये नऊ. जून संपेस्तोवर एक्केचाळीस. ग्रुपवर टीडीएसचे आकडे मागे पडून रक्ततपासणीतले, कावीळ दाखवणारे बिलिरुबिनचे आकडे येऊ लागले. गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा पाणीपुरीवाल्याला हाकललं. मग महापालिकेला शिव्या झाल्या. मग कामवाल्या बायकांवर बोट गेलं. शेवटी कुणीतरी लिहिलं, "आपण फिल्टर कुणाकडून बसवतो याचाही विचार व्हावा", आणि पुढे तीन टिंबं दिली. ती टिंबं करीमभाईपर्यंतही पोचली. त्याला ती चांगली वाचता आली.

अरुंधतीबाईंचा फोन आला तेव्हा तो जरा घाबरतच गेला. त्यांची सुखदा, नुकतीच बारावी झालेली, दिवाणावर पडून होती. डोळे हळदीसारखे. कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म उशाशी पडलेले, ते भरायचीही ताकद नव्हती.

"फिल्टर बघा," बाई म्हणाल्या. "आणि मला खरं सांगा."

करीमभाईनं फिल्टर उघडला. तो ठीक होता. फिल्टरमधून जाणारं पाणी ठीकच असणार.

"सुखदाबेटा, दात कुठल्या पाण्यानं घासतेस?"

"बेसिनच्या. सगळेच तिथं घासतात, काका."

"काकडी, जांभळं?"

"सिंकच्या नळाखाली," शालनबाईच आतून बोलली. "मीच धुती की."

करीमभाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ठणठणीत बाई. हातात सरबताची बाटली.

"शालनबाई, चाळीत कोन आजारी?"

"आमच्यात? कोन न्हाई. का वो?"

करीमभाई उठला. गाळ्यावर एका खोक्यात त्याच्याकडे ओटी नावाच्या रसायनाच्या थेंबांची बाटली होती. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी वापरतात तसली. पाण्यात क्लोरीन असेल तर दोन थेंबांनी पाणी पिवळं होतं, नसेल तर बिनरंगी राहतं. ही चाचणी त्यानं गिऱ्हाइकाला कधी दाखवली नव्हती. कारण तिच्यात पिवळं पाणी चांगलं ठरतं, आणि चांगल्या पाण्यावर फिल्टर कोण घेणार?

चाळीच्या नळाचं पाणी: पिवळं. निर्झरच्या गेटाशी आत येणारी महापालिकेची लाइन: पिवळी. अरुंधतीबाईंच्या सिंकचा नळ: काहीच नाही. पाणी कोऱ्या चेहऱ्यानं बसून राहिलं. मग त्यानं दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून चाचणीची बाटली आणली. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ती दिवस-दोन दिवसांत काळी पडते. बाईंनी तीत सिंकचं पाणी भरून ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली शाईच्या दौतीसारखी काळी झालेली होती.

म्हणजे पाणी गेटापर्यंत चांगलं येत होतं. ते बिघडत होतं आत, धबधब्याच्या पलीकडे.

करीमभाई बाटली घेऊन अष्टपुत्र्यांच्या ऑफिसात गेला. साहेबांनी गडद काचांचा चष्मा सावरत बाटलीकडे असं पाहिलं, जसं कुणी न मागता आणलेल्या कोटेशनकडे बघतं.

"टीडीएस किती आहे या पाण्याचा?"

"एकशे दहा, साहेब. पन त्येचा काय संबंध न्हाई."

"एकशे दहा? मग उत्तम पाणी आहे."

"साहेब, टीडीएस क्षार मोजतो. ह्यात मैला हाय."

"हे बघा मणेर, तुमची काळ्या पाण्याची जादू मी पूर्वीपासून बघतोय. तेव्हा डबी होती, आता बाटली आणलीत. नवीन मॉडेल विकायचंय का?"

करीमभाईनं बाटली पिशवीत घातली. हे अगदीच खोटं असतं तर त्याला राग तरी आला असता.

"माझ्या सोसायटीची बदनामी कराल तर गेटवर एंट्री बंद करीन," साहेब म्हणाले. "इथे फ्लॅटचे व्यवहार चाललेत लोकांचे."

संध्याकाळपर्यंत एंट्री बंद झालीही. गेटवरचा म्हातारा सोनबा खजील होऊन म्हणाला, "करीमभाऊ, वरून हुकूम हाय. मला बी पोट हाय."

घरी झुलेखा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. झुलेखा मावळातल्या गावची, तिचं बोलणं विळ्यासारखं.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं?"

"बारा वर्सं खोटं बोल्ला तर लोकांनी खुर्ची दिली. आज खरं बोल्ला तर गेट लावलं. ह्यात त्येंचं काय चुकलं? त्येंला तुमीच शिकिवलं, की काळं पानी दिसलं की करीम काय तरी इकायला आलाय."

"मग काय करू? गप बसू?"

"त्या पोरीचं डोळं पिवळं बघून आलाव ना? मग गप कसं बसाल?" तिनं भाकरी उलटली. "त्येंला तमाशा बघायची सवं हाय. तमाशाच करा. पन ह्या खेपेला डबी कशी चालती ते बी सांगा."

"धंदा बुडंल, झुलेखा."

"बुडंल," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली.

करीमभाईनं दोन दिवस टंगळमंगळ केली. तो काही हुतात्मा नव्हता. दोनदा डबी पिशवीत भरली, दोनदा काढली. शेवटी अरुंधतीबाईंनीच कळवलं की रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये सर्वसाधारण सभा आहे, आणि सभासदाला पाहुणा आणता येतो. सोनबानं रजिस्टरमध्ये "पाहुणे, सी विंग" असं लिहिलं आणि आभाळाकडे बघत गेट उघडलं.

सभेत शंभरावर माणसं. निम्म्यांच्या हातात डॉक्टरांच्या फायली. अष्टपुत्र्यांनी प्रास्ताविकात सांगितलं, की साथ सगळ्या शहरातच आहे, सोसायटीच्या पाण्याचा टीडीएस आदर्श आहे आणि सकारात्मक राहावं. मग अरुंधतीबाई उभ्या राहिल्या. "माझी मुलगी वीस दिवस अंथरुणात आहे. माझ्या पाहुण्यांना दहा मिनिटं द्या."

"हे विक्रेते आहेत!" अष्टपुत्रे गरजले.

"व्हय साहेब," करीमभाई म्हणाला. "म्हनूनच आलोय."

व्यासपीठावर साहेबांसाठी उंची मिनरल वॉटरची सीलबंद बाटली ठेवलेली होती. करीमभाईनं ती सर्वांसमोर फोडली, ग्लासात ओतली, डबीच्या कांड्या बुडवल्या आणि वायर लावली. या वेळी त्यानं सुस्कारा सोडला नाही. मिनिटभरात उंची पाणी गटारासारखं झालं आणि वर फेस आला.

सभेतून "अय्यो!" उठलं. साहेबांनी सकाळपासून तसल्या अर्धा डझन बाटल्या प्यायल्यासारखा चेहरा केला.

"घाबरू नका, पानी चांगलं हाय," करीमभाई म्हणाला. "हा रंग कांडीचा. लोखंड विरघळतं. तुमच्या घराघरात मी हेच दाखवलं. तुमच्या पान्याला नाव ठेवलं आनि गंज दाखवून फिल्टर इकला. मला ठाऊक होतं. पयल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मग जो कल्लोळ झाला त्याला तोड नव्हती. एक्केचाळीस काविळी झाल्या तेव्हा जे आरामखुर्चीतून हलले नव्हते, ते आपण फसलो हे कळताच खुर्चीवर चढले. "पोलिसांत द्या!" "माझे दोन फिल्टर आहेत!" करीमभाई खाली मान घालून उभा राहिला. त्याला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त कान तापले.

अरुंधतीबाईंनी वर्गात आपटतात तशी टेबलावर पट्टी आपटली. "फसवणुकीचं नंतर. आता हे बघा." त्यांनी तीन ग्लास मांडले: चाळीचं पाणी, गेटाचं पाणी आणि क्लब हाउसच्या नळाचं पाणी. प्रत्येकात दोन-दोन थेंब टाकून त्यांनी क्लोरीनचं समजावून सांगितलं. पहिले दोन पिवळे झाले. तिसरा झाला नाही. मग काळी बाटली हातोहात फिरली.

"कामवाल्यांच्या नळाला चांगलं पाणी?" मागून एक बाई म्हणाल्या. त्यांना आजारापेक्षा त्याचंच जास्त लागलेलं दिसलं.

"सगळी नाटकं!" अष्टपुत्रे उठले. "मी याच नळाचं पाणी वापरतो. सत्तरीला आलोय. मला काय झालंय? बघा माझ्याकडे!" आणि त्यांनी आवेशात चष्मा काढला.

सगळ्यांनी पाहिलं. ग्लासातलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते झालं नव्हतं. अध्यक्ष झाले होते.

"साहेब," करीमभाई हळू आवाजात म्हणाला, "बसून घ्या. तुमाला कावीळ झालीया."

गेट आणि नळ यांच्यामधे उरल्या त्या टाक्या, म्हणून पुढची मिरवणूक गच्चीवर गेली. सी विंगच्या गच्चीवर दोन टाक्या होत्या, एक पिण्याची आणि एक फ्लशची. फ्लशचं पाणी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी, तळघरातल्या यंत्रात शुद्ध करून वर चढवलेलं. ते यंत्र विजेची बचत म्हणून आठ महिने बंद होतं. तपासणीला कुणी येणार असलं की तेवढं चालू करून उदबत्ती लावली जायची. दोन टाक्यांच्या मधे एक नवा पाइप आणि एक व्हॉल्व्ह.

"हे कुणी बसवलं?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

सोनबानं टोपी काढली. "साहेबांनीच. एप्रिलात. फ्लशच्या पान्याला लई वास यायचा, म्हून म्हन्ले त्यात थोडं चांगलं पानी सोडू. चारी इमारतींवर बसवलंय. साहेबांची आयडिया हाय."

आयडिया चांगली होती. फक्त व्हॉल्व्ह हलका घेतला होता आणि तो नीट बंद होत नव्हता. पाणी न येण्याच्या दिवशी पिण्याची टाकी रिकामी झाली की फ्लशचं पाणी उलट तिच्यात उतरायचं. खात्री करायला करीमभाईनं फ्लशच्या टाकीत पोटॅशियम परमँगनेट टाकलं, पिण्याची टाकी रिकामी करायला लावली आणि सगळे जिन्यात कान देऊन बसले. पाऊण तासानं दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी किंचाळलं, "गुलाबी आलं! सिंकमध्ये गुलाबी आलं!"

दुसऱ्या दिवशी पाइप कापले, टाक्या धुतल्या, क्लोरीन टाकलं, तळघरातलं यंत्र सुरू झालं. जुलैच्या मध्यानंतर नवा आजारी कुणी झाला नाही. सुखदा बरी झाली, शेवटच्या फेरीत तिला प्रवेशही मिळाला. अष्टपुत्रे महिनाभर मऊ भात खात पडून होते. नंतर त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. सोसायटीनं "जलसुरक्षेतील योगदानाबद्दल" त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. फोटो धबधब्यासमोर काढला.

करीमभाईला निर्झरमधून पत्र आलं, की यापुढे फिल्टरची सर्व्हिस दुसऱ्या डीलरकडे दिली आहे. त्या डीलरनं पहिल्याच रविवारी क्लब हाउसमध्ये काळी डबी लावली आणि एकशे साठ फ्लॅटना नवं मॉडेल विकलं. अरुंधतीबाईंनी ग्रुपवर लिहिलं, "अहो, कांड्या लोखंडाच्या आहेत!" त्यावर उत्तर आलं, "मॅडम, ही कंपनी वेगळी आहे."

दिघीतले बाकीचे फिल्टरवाले करीमभाईशी बोलेनासे झाले. एकानं चहाच्या टपरीवर सुनावलं, "भावा, स्वतःचं ताट लाथाडलंस ते लाथाडलंस, आमच्यात का माती टाकलीस?" गाळ्यावर दिवसदिवस कुणी यायचं नाही. चाळीतल्या बायका तेवढ्या नळ गळतो म्हणून बोलवायच्या आणि शालनबाई हटकून चहा पाजायची. अरुंधतीबाईंनी शाळेत नेलं. सातवीच्या पोरांपुढे त्यानं डबी लावली, कांडीचा गंज दाखवला, आणि पोरांनी लगेच विचारलं, "मग काका, तुम्ही लोकांना का फसवलं?" शंभर माणसांच्या सभेत हा प्रश्न एवढ्या सरळ कुणी विचारला नव्हता. "पोटासाठी," तो म्हणाला, आणि एवढ्यानं पोरांचं समाधान झालं नाही, हे त्याला दिसलं.

दिवाळीच्या सुमारास मात्र एक फोन आला. भोसरीकडच्या रस्त्यावरची एक मोठी सोसायटी. सेक्रेटरी अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"तुम्हीच ते थेंबवाले ना? आमच्याकडे तिघे आजारी आहेत. एकदा बघून जा. पण पाटी लावलेली गाडी आणू नका. कुणी विचारलं तर केबलवाला म्हणा. आणि जे काय निघेल ते फक्त माझ्या कानात सांगा. आमचे दोन फ्लॅट विकायचे आहेत."

करीमभाईनं झुलेखाकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता.

"जा की," ती म्हणाली. "केबलवाला म्हनून जा. मानूस आत तर शिरंल."

तो गेला. मागच्या दारानं, पाटी नसलेल्या गाडीवर, सेक्रेटरींच्या मागोमाग जिना चढत. गच्चीवर टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, दोन थेंब टाकले, नळी उन्हात धरली. वाट पाहिली. पाणी कोरं ते कोरंच.

"काय?" सेक्रेटरींनी कान पुढे केला.

करीमभाई कठड्यापाशी गेला. खाली पार्किंगमध्ये बायका भाजी घेत होत्या, एक आजोबा कुत्रं फिरवत होते. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मुंबई-दिल्लीपर्यंत जावा असा आवाज काढला.

"ओ ताई! आजोबा! पानी पिऊ नका! उकळून घ्या! टाकीत क्लोरीन न्हाई!"